चार आण्यांचा थर, बारा आण्यांची परांची

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, ही म्हण आता आणखी एका अनुभवापर्यंत लांबवायला हरकत नाही: बांधून झालेल्या घराला नंतर इन्सुलेशन, म्हणजे भिंती-छताला उष्णता अडवणारा थर, करून पाहावं. ज्यांनी केलं ते खर्चाचा आकडा सांगताना आवाज खाली आणतात, आणि ज्यांनी केलेलं नाही ते तोच आकडा चढ्या आवाजात सांगतात. विजेचे किंवा इंधनाचे दर वाढले, उन्हाळा नाहीतर हिवाळा जरा जास्त टोचला, की हा वाद नव्यानं पेटतो. एका बाजूला ‘पाच वर्षांत पैसे वसूल, पुढं सगळा नफा’ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला ‘जन्मात वसूल होत नाहीत, त्यापेक्षा चांगलं यंत्र बसवा’ म्हणणारे. दोघेही एकच भागाकार करतात: वर खर्च, खाली वर्षाची बचत. उत्तर पाच आलं की पहिला पक्ष जिंकला, तीस आलं की दुसरा. भागाकारात चूक नसते. पण वर आणि खाली जे आकडे मांडले जातात ते आले कुठून, हे कोणी विचारत नाही, आणि सगळी गफलत तिथंच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घराच्या इन्सुलेशनला एक अशी किंमत नसते. तोच थर, तीच भिंत, तेच कारागीर. पण काम कधी काढलं यावर खर्च काही पटींनी हलतो, आणि बचत कुणाच्या खिशात पडते यावर तो जास्त की कमी हे ठरतं. त्यामुळे ‘इन्सुलेशन परवडतं का?’ या नुसत्या प्रश्नाला उत्तरच नाही. भिंत किंवा छत दुसऱ्या कशासाठी उघडलं जाणार असेल, तर त्या वेळी थर न घालणं महागात पडतं. भिंत ठणठणीत असताना केवळ थरासाठी ती सोलणं बहुतेक वेळा महागात पडतं. इतकं साधं आहे, आणि तरी सरकारी योजनांपासून नवराबायकोच्या वादापर्यंत सगळीकडे ते नजरेआड होतं.

थर नेमकं काय करतो हे आधी पाहू, कारण खर्चाबद्दलचा निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानं १८९२ साली अतिथंड द्रव सांभाळण्यासाठी दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून घेतलेली बाटली केली. तिचाच घरगुती अवतार म्हणजे थर्मास. थंड टिकवायला जन्मलेली वस्तू आज आपण मुख्यतः गरम टिकवायला वापरतो, कारण थराला दिशा कळत नाही. उष्णता आत येत असो की बाहेर जात असो, तो फक्त तिची वाट अवघड करतो. अख्ख्या घराभोवती निर्वात पोकळी ठेवणं शक्य नाही, म्हणून तिथं दुसरी युक्ती: हवा कोंडून ठेवायची. ग्लासवूल (काचेचे तंतू), रॉकवूल (दगडाचे तंतू), थर्माकोल, कागदाचा भुगा, नावं काहीही असोत. आपण विकत घेतो ती बहुतांशी जागच्या जागी थांबवलेली हवा. आणि हवा स्वस्त असते.

आता थोडा हिशेब. नऊ इंची वीटभिंत, दोन्ही अंगांनी गिलावा. आत-बाहेर २० अंशांचा फरक असेल तर अशा भिंतीच्या दहा चौरस मीटर तुकड्यातून साधारण ४०० वॅट उष्णता वाहते. तिच्यावर रॉकवूलसारख्या पदार्थाचा ५० मिलिमीटरचा थर चढवला की हा प्रवाह ११५ वॅटच्या आसपास येतो. थर दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर केला की ६७. तिप्पट केला की ४७. पहिल्या दोन इंचांनी २८५ वॅट वाचवले, दुसऱ्या दोन इंचांनी जेमतेम ४८, तिसऱ्यांनी वीस. थर जाड करत गेलो तर फायदा झपाट्यानं आटतो, हे विरोधकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मात्र ते इथंच थांबतात, आणि मला वाटतं खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे.

कारण भिंतीला थर लावण्याच्या बिलात थर कुठं असतो? उंच भिंतीसाठी परांची बांधायची, जुना गिलावा ठोकून पाहायचा, सुटलेला काढायचा, पन्हळी आणि नळ बाजूला घ्यायचे, थर चिकटवून खिळवायचा, जाळी, पुन्हा गिलावा, रंग, मग खिडक्यांच्या कडा जुळवायच्या, कारण भिंत जाड झाली की चौकट खोल जाते. थराचा माल हा या सगळ्यातला छोटा भाग. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण इथं अक्षरशः लागू पडते. मग प्रश्न असा: हे बारा आणे कुणाच्या खात्यावर टाकायचे? भिंतीचा गिलावा सुटलाच होता, रंग काढायचाच होता, परांची बांधायचीच होती, तर ते पैसे इन्सुलेशनचे नाहीत. ते घराच्या देखभालीचे आहेत आणि तसेही जाणार होते. थराच्या नावावर फक्त चार आणे. भागाकाराच्या वरचा आकडा एकदम पाव होतो आणि तीस वर्षांची वसुली सात-आठ वर्षांवर येते. थर तोच, बचत तीच. बदलली ती फक्त वेळ.

दुसरी गोष्टही यातूनच निघते. परांची एकदा बांधली की ५० ऐवजी १०० मिलिमीटर लावायला मजुरी जवळपास तेवढीच लागते. म्हणजे दुसऱ्या दोन इंचांचा फायदा थोडा असला तरी त्यांचा खर्चही थोडाच. उलट आज काटकसर म्हणून ३० मिलिमीटरवर भागवलं, तर उद्या त्यावर आणखी थर घालायला पुन्हा सगळा मसाला. अर्धवट इन्सुलेशन हे या हिशेबात सगळ्यात महाग, कारण ते चांगल्या इन्सुलेशनची वेळ पुढच्या पंचवीस वर्षांसाठी अडवून बसतं.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं वाटेल. प्रत्यक्षात स्वतःच्या मूर्खपणातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी माझ्या घराच्या बाहेरच्या भिंतीचं काम काढलं. परांची उभी, गिलावा उतरवलेला, वीट उघडी. ठेकेदारानं विचारलंही, थर टाकायचा का म्हणून. मी वहीत तोच तो भागाकार केला, वर अख्ख्या कामाचा खर्च धरला, उत्तर सव्वीस वर्षं आलं आणि मी नको म्हणालो. अख्ख्या कामाचा खर्च तर मी करतच होतो! ती चूक माझ्या लक्षात आली तोवर परांची उतरली होती आणि नवा रंग वाळला होता.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे. दुबळे बाजूला ठेवून जे खरोखर जड आहेत तेवढेच घेतो.

सगळ्यात जड मुद्दा मिशिगनचा. अमेरिकेत गरीब कुटुंबांची घरं फुकटात सुधारून देण्याची संघराज्य सरकारची योजना १९७६ पासून चालू आहे. माळ्यावर आणि भिंतीत थर, फटी बुजवणं, घर तापवणारी जुनी भट्टी बदलणं. मेरेडिथ फाउली, मायकल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वुल्फ्रम या अर्थशास्त्रज्ञांनी मिशिगन राज्यातल्या ३० हजारांहून जास्त कुटुंबांवर तिचा रीतसर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना योजनेत येण्यासाठी प्रोत्साहन, बाकीच्यांना नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष इन्सुलेशनवाल्यांच्या जिव्हारी लागणारा होता: कामावरचा खर्च प्रत्यक्ष ऊर्जाबचतीच्या जवळपास दुप्पट, आणि अभियंत्यांच्या प्रतिमानांनी, म्हणजे आगाऊ अंदाज बांधणाऱ्या गणितांनी, कबूल केलेली बचत खऱ्या बचतीच्या तिपटीहून जास्त. ‘लोकांनी घर जास्त उबदार ठेवलं असेल, म्हणून बचत दिसत नाही’ ही नेहमीची पळवाटही त्यांनी तपासली. घरांतलं तापमान फारसं वाढलेलं सापडलं नाही.

याला ‘हा अभ्यास एकाच राज्याचा आहे’ असं म्हणून झटकून टाकणं मला अप्रामाणिक वाटतं. कागदावरची बचत फुगवलेली असते, हे मान्यच करायला हवं. ती का फुगते याचं एक उत्तर जर्मनीतून मिळतं. मिना सुनिक्का-ब्लांक आणि रे गॅल्विन यांनी २०१२ साली तिथल्या सुमारे ३,४०० घरांचे आकडे एकत्र केले, तेव्हा दिसलं की जुन्या, गळक्या घरांत राहणारी माणसं हिशेबानं जितकी ऊर्जा जाळायला हवीत त्यापेक्षा सरासरी ३० टक्के कमी जाळतात. का? कारण परवडत नाही. एकच खोली तापवतात, बाकीची बंद ठेवतात, दोन स्वेटर घालून बसतात. प्रतिमान मात्र गृहीत धरतं की आख्खं घर आरामात होतं. जो पैसा कधी खर्चच होत नव्हता तो वाचणार कसा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

म्हणजे विरोधकांचा मुद्दा मान्य करून झाला: गरीब घरात थर घातल्यावर बिलात अपेक्षेइतकी घट होत नाही. पण मग त्याच घराच्या हिशेबात बिल हा एकच रकाना का? न्यूझीलंडमध्ये फिलिपा हाउडन-चॅपमन आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांतली १,३५० कुटुंबं घेतली. प्रत्येक घरात श्वसनाचा त्रास असलेलं कुणीतरी होतं. निम्म्यांना लगेच इन्सुलेशन, निम्म्यांना वर्षभरानं, असा न्याय्य प्रयोग. २००७ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: झोपण्याच्या खोलीचं हिवाळ्यातलं तापमान सरासरी अर्ध्याच अंशानं वाढलं, ओल कमी झाली, ऊर्जेचा वापर थर नसलेल्या घरांच्या ८१ टक्के. अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं? पण छातीतली घरघर, मुलांची बुडणारी शाळा, मोठ्यांच्या कामावरच्या रजा या सगळ्यांत लक्षणीय घट झाली. तिथल्या सरकारनं २००९ मध्ये देशभर योजना काढली. तिच्या मूल्यमापनात फायदा खर्चाच्या जवळपास चौपट निघाला, आणि त्यातला फार मोठा हिस्सा आरोग्याचा होता. वीजबचतीचा अगदी थोडा.

मिशिगन आणि न्यूझीलंड शेजारी शेजारी ठेवा. एकाच गोष्टीचा एक हिशेब तोट्यात, दुसऱ्यात फायदा खर्चाच्या चौपट. दोन्ही हिशेब प्रामाणिक आहेत, रकाने वेगळे आहेत. ‘वसूल होतं का’ यावर भांडणाऱ्यांनी आधी हे ठरवावं की खोकणारं मूल हिशेबात धरायचं की नाही. ते धरायचं नसेल तर तसं उघड म्हणावं.

मिशिगनच्या प्रयोगात आणखी एक आकडा आहे, तो मला बचतीच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. सरासरी पाच हजार डॉलरचं काम फुकट, अर्ज भरायला घरी येऊन मदत, वारंवार फोन. एवढं करूनही प्रोत्साहन दिलेल्यांपैकी जेमतेम सहा टक्के कुटुंबांच्या घरी काम झालं. फुकट आणि तरी नको! याचा अर्थ लोक अडाणी आहेत असा नाही. माळ्यावरचं सामान काढायचं, उत्पन्नाचे कागद जमवायचे, अनोळखी माणसांना दिवसभर घरात वावरू द्यायचं, धूळ झेलायची. हाही खर्चच आहे, तो पावतीवर येत नाही इतकंच. दुसऱ्या कामासाठी घर उघडलेलंच असताना थर घालावा, या माझ्या म्हणण्याला हा आकडा बळ देतो. तेव्हा धूळ उडतच असते.

दुसरा जड मुद्दा स्टॅन्ली जेव्हन्सचा. या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली दाखवून दिलं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळसा कमी जळायच्या ऐवजी जास्त जळू लागला, कारण स्वस्त पडणारी वाफ लोकांनी जास्त ठिकाणी वापरली. घर राखणं स्वस्त झालं की माणसं जास्त खोल्या थंड किंवा गरम ठेवतील, मग बचत कसली? खरं आहे, काही प्रमाणात हे होतंच. पण इंजिनाला आणि माणसाला एकच न्याय लावता येत नाही. कारखान्याची भूक वाढत जाते. माणसाला एका मर्यादेपलीकडे ऊब नको असते. स्वस्त झालं म्हणून कोणी हिवाळ्यात घर ४० अंशांवर नेत नाही. आणि ज्या घरात आजी कुडकुडत होती तिथं ती कुडकुडायची थांबली, तर त्याला ‘वाया गेलेली बचत’ म्हणायला हिशेबनीसाचं काळीज लागतं.

योगायोग असा की त्याच १८६५ साली, त्याच देशात, अभियंता जोसेफ बॅझलजेटच्या लंडनमधल्या भुयारी गटारांचं थाटात उद्‌घाटन झालं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी संसदेच्या खिडक्यांतून आत शिरली आणि वर्षानुवर्षं खर्चावरून रेंगाळलेला निर्णय काही आठवड्यांत झाला. त्या गटारांना घरटी ‘किती वर्षांत वसूल’ असा प्रश्न कोणी लावला असता तर एकही नळ जोडला गेला नसता. यावर लगेच उत्तर येईल की गटार सार्वजनिक, भिंत खाजगी. माझ्या भिंतीनं शेजाऱ्याचं काय भलं होतं? होतं. सगळ्यात उकाड्याच्या दुपारी किंवा सगळ्यात गारठ्याच्या रात्री सगळी घरं एकाच वेळी वीज मागतात. वर्षातल्या त्या मोजक्या तासांसाठी वीजकेंद्रं, तारा, रोहित्रं उभारून ठेवावी लागतात, आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला जातो. थर नेमका त्याच तासांत सर्वाधिक काम करतो. माझी गळकी भिंत माझ्या शेजाऱ्यालाही महाग पडते, फक्त त्याच्या बिलावर माझं नाव छापलेलं नसतं.

तिसरा मुद्दा अपघातांचा, आणि इथं इन्सुलेशनवाल्यांनी मान खाली घालून ऐकावं. कॅनडानं १९७३ च्या तेलसंकटानंतर अनुदानं दिली, लोकांनी भिंतींत युरिया फॉर्मल्डिहाइडचा फेस भरून घेतला, आणि त्यातून निघणाऱ्या वायूच्या भीतीनं १९८० मध्ये त्याच फेसावर बंदी आली. ऑस्ट्रेलियानं २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून माळ्यांवर फुकट थर घालायला सुरुवात केली. वर्षभरात दहा लाखांवर घरं झाली, आणि चार तरुण कामगार गेले. तिघं विजेच्या धक्क्यानं, एक माळ्यावरच्या उष्णतेनं. योजना फेब्रुवारी २०१० मध्ये गुंडाळली. इटलीनं २०२० मध्ये कळस केला: घर सुधारण्याच्या खर्चावर ११० टक्के करसवलत. शंभर खर्च करा, एकशेदहा घ्या! घासाघीस करायचं मालकाला कारणच उरलं नाही, परांचीचे भाव कडाडले, खोट्या कामांचे दावे निघाले, आणि सरकारी तिजोरीवरचा बोजा शंभर अब्ज युरोंच्या पुढं गेला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या बहुमजली निवासी इमारतीला नव्या रूपात थर आणि आवरण चढवताना जस्ताऐवजी स्वस्त पडणारे ॲल्युमिनियमचे पत्रे निवडले गेले, ज्यांच्या पोटात जळाऊ प्लास्टिक होतं. आतला थरही पेट घेणाऱ्या फोमचा. १४ जून २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली.

या चार गोष्टी एकत्र ऐकल्या की ‘नकोच ते’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण यांत समान काय आहे ते पाहा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इटली: तिन्हीकडे थर हा घराच्या गरजेनुसार, घराच्या वेळेनुसार आला नाही. तो अंदाजपत्रकाच्या वेळेनुसार आला. पैसा अमुक तारखेच्या आत संपवायचा, म्हणून कालपर्यंत दुसराच धंदा करणारा माणूस आज माळ्यावर चढला. ग्रेनफेलची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. तिथं घाई नव्हती, तिथं आवरणाच्या खर्चातून वाचवलेल्या पैशाला कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. न जळणारे थर बाजारात आहेत, रॉकवूल जळत नाही. ते निवडल्यानं चार आण्यांचे पाच होतील. बारा आण्यांची परांची तीच राहते. मग त्या एका आण्यावर काटकसर का? खर्चाच्या वादात ज्याची काटछाट सर्वांत आधी होते तो माल, आणि ज्याची काटछाट सर्वांत आधी व्हायला नको तोही मालच.

आता कुणाच्या खिशात, हा प्रश्न. ब्रिटननं २०१३ मध्ये एक मोठी चतुर दिसणारी योजना आणली. घराला थर घालायला कर्ज घ्या, हप्ता वीजबिलातून फेडा; बचतीतूनच हप्ता जाईल, वरून एक पैसा नको. अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी कल्पना. व्याज सात टक्क्यांच्या वर आणि कर्ज मीटरला चिकटलेलं, म्हणजे घर विकलं तर ते नव्या मालकाच्या गळ्यात. लाखो घरांची स्वप्नं पाहिलेली योजना २०१५ मध्ये बंद झाली तेव्हा सुमारे चौदा हजार घरांनी ती घेतली होती. वसुलीच्या भागाकारावर संपूर्ण विश्वास टाकून उभारलेली ही योजना होती, आणि ती पडली कारण माणसं आपल्या घराकडे मुदत ठेव म्हणून पाहत नाहीत.

भाड्याच्या घरात तर भागाकार पूर्णच कोसळतो. खर्च मालकानं करायचा, बिल भाडेकरूचं कमी व्हायचं. मालक का करेल? भाडेकरू करेल, तर अकरा महिन्यांनी तो दुसरीकडे असेल. दोघेही शहाणे, दोघांचाही हिशेब बरोबर, आणि भिंत मात्र उघडीच. अशा ठिकाणी माहितीपत्रकं वाटून, जाहिराती करून काही होत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. न्यूझीलंडनं १ जुलै २०१९ पासून भाड्याच्या घरांना, जिथं शक्य आहे तिथं, छताला आणि जमिनीखाली थर सक्तीचा केला. सक्ती म्हटलं की अनेकांच्या कपाळावर आठी चढते. पण पायखाना, पाण्याचा नळ, सुरक्षित वायरिंग यांशिवाय घर भाड्यानं देऊ नये, हे आपण कधीच मान्य केलंय. यांपैकी कशाच्याही वसुलीची वर्षं कोणी मोजत नाही.

‘त्यापेक्षा चांगलं यंत्र बसवा’ हा सल्लाही तपासू. १९७७ साली कॅनडाच्या रेजायना शहरात, जिथं हिवाळा उणे तीसच्या खाली जातो, हॅरॉल्ड ऑर आणि सहकाऱ्यांनी एक प्रायोगिक घर उभारलं. मागणी होती सौरऊर्जेवर चालणाऱ्या घराची. त्यांनी भिंतीत आणि छतात जाडजूड थर भरले, फटी कसून बुजवल्या, आणि आत येणाऱ्या ताज्या हवेला बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब देणारं साधं उपकरण बसवलं. मग कळलं की घराला तापवायला फारसं काही लागतच नाही. छतावरची महागडी सौरयंत्रणा पुढं काढून टाकली. भिंतीतला थर कशाला काढायचा? याच वाटेनं व्होल्फगांग फाइस्ट यांनी जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये चार जोडघरं बांधली, १९९१ मध्ये लोक तिथं राहायला आले. यंत्र दहा-पंधरा वर्षांत म्हातारं होतं. गळक्या घरात ते मोठ्या आकाराचं घ्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी बदलताना पुन्हा मोठंच घ्यावं लागतं. रांजण गळतो म्हणून मोठा पंप बसवणं, असा हा सल्ला आहे.

तरीही इन्सुलेशनची माळ जपणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती ते स्वतः सांगत नाहीत. थर सर्वत्र, सर्व बाजूंनी हवाच असं नाही. रात्री थंड होणाऱ्या उष्ण प्रदेशात, दारं-खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या घरात, भिंतींना जाड थर घालून फारसं हाती लागत नाही; तिथं आधी छत, कारण उन्हानं तापलेलं छत हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम होतं, आणि छताच्याही आधी पांढरा रंग नि सावली, जी थरापेक्षा स्वस्त पडते. दुसरं, भिंतीच्या आतून थर लावला की थंड हवामानात मूळ भिंत आणखी गार पडते आणि घरातली वाफ तिच्यावर जाऊन पाणी होते. फटी बुजवल्या, पण हवा खेळती ठेवली नाही, की वर्षभरात कोपऱ्यात बुरशी. मग दोष थराला. हवेच्या वाटेचा खर्च थराच्या खर्चातच धरायला हवा. जो ठेकेदार तो वेगळा, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतो त्याला काम देऊ नये. आणि भिंतीला ओल असेल तर आधी ओल. ओल्या भिंतीवर चढवलेला थर म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी.

क्रमही म्हणूनच महत्त्वाचा आहे. फटी बुजवायला परांची लागत नाही. माळ्यावर किंवा छताखाली थर पसरायला गिलावा सोलावा लागत नाही. ही कामं कुठल्याही दिवशी, सुटी सुटी करता येतात आणि त्यांच्यापुरता पहिल्या पक्षाचा ‘पाच वर्षांत वसूल’ हा दावा बऱ्याचदा खराही ठरतो. भिंतीचं काम मात्र वाट पाहण्याचं आहे. सरकारांनी अनुदान द्यायचंच असेल तर ते वर्षअखेरीला संपणाऱ्या निधीतून देऊ नये. गिलावा, छत किंवा खिडक्या बदलण्याचा परवाना ज्या दिवशी मागितला जातो त्या दिवशी, त्या घराला, फक्त त्या चार आण्यांपुरतं द्यावं. दहा वर्षं सलग, कमी रकमेचं, कंटाळवाणं. त्यात उद्‌घाटनं होणार नाहीत, ही अडचण आहेच.

माझी भिंत पुन्हा उघडायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर छताखालचं काम उरकलंय. परवा शिडी लावून पागोळीची रुंदी मोजली: भिंतीच्या पुढं २३ सेंटिमीटर. १०० मिलिमीटरचा थर आणि त्यावरचा गिलावा तिच्याखाली आरामात मावतो. खिडक्यांचे खालचे कट्टे मात्र वाढवून घ्यावे लागतील, नाहीतर पावसाचं पाणी थराच्या मागं उतरेल. दोन्ही मापं वहीत लिहून ठेवली आहेत, त्या जुन्या भागाकाराच्या बरोबर खाली.